बोरीबंदर ते ठाणे : १७५व्या वाढदिवसाला मुंबईला जाताना

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३.३५ वाजता बोरीबंदरहून ठाण्याकडे भारतातली पहिली प्रवासी गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने. ३४ किलोमीटर अंतर ५७ मिनिटांत पार पडले. जगन्नाथ शंकरशेट हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालकांपैकी एक, त्यामुळे आपल्या माणसांचेही या दिवसाशी नाते आहे.

१६ एप्रिल २०२८ रोजी या घटनेला १७५ वर्षे होतील. हैदराबादहून जाऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी सरकारी कार्यक्रमाची वाट पाहत बसू नये. पत्रिका शेवटी निघतात, आरक्षण त्याआधी संपते.

पंचांगापेक्षा कॅलेंडर आधी पाहा. त्या वर्षी १४ एप्रिलला, शुक्रवारी, आंबेडकर जयंती आणि गुड फ्रायडे एकत्र आहेत आणि १६ तारखेचा रविवार ईस्टरचा आहे. म्हणजे सलग सुट्या, गाड्या भरलेल्या. सध्या आरक्षण ६० दिवस आधी उघडते. त्या हिशेबाने १४ एप्रिलच्या रात्री निघायचे तर तिकीट १४ फेब्रुवारीला सकाळीच काढावे. ज्येष्ठांची भाडे-सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. खालच्या बर्थचा कोटा मात्र शिल्लक आहे, तोही एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ असतील तर. सहा जणांचे एक तिकीट काढण्यापेक्षा दोघा-दोघांची तीन काढलेली बरी.

हुसेनसागर एक्सप्रेस पहाटे मुंबईत पोहोचते, त्यामुळे १८६३ मध्ये खुला झालेला भोर घाट अंधारातच जातो. घाट बघायचा असेल तर रात्री निघून दुपारच्या सुमारास पोहोचणारी मुंबई एक्सप्रेस घ्यावी. दोन्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलाच जातात, म्हणजे ठाणे ते मुंबई हा मूळ मार्ग येतानाच होतो.

रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास टर्मिनसवरून ठाणे लोकल पकडावी, हाच खरा सोहळा. सुरुवातीच्या स्थानकावर चढल्याने जागा मिळते. मध्य रेल्वेवर रविवारी बहुधा मेगाब्लॉक असतो, शनिवारीच त्याची सूचना पाहून घ्यावी. धीम्या लोकलला आजही ठाण्याला जायला जवळपास तासभर लागतो! पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नये. एप्रिलमधली मुंबई आपल्या हैदराबादेसारखी भाजत नाही, घामाने बेजार करते.

एक लक्षात ठेवावे, आजची भव्य इमारत १८५३ मध्ये नव्हती. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार तिचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि ती २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिच्यातले वारसा संग्रहालय आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी पाहता येत असे. म्हणून सोमवार, १७ तारखेची दुपार त्यासाठी राखावी, वेळ आधी विचारून घ्यावी, छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे आणि त्याच रात्री हुसेनसागरने परतावे.