गाळलेले पाणी आणि पटकीची साथ : सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक अध्याय

कॉलऱ्याला आपल्याकडे पटकी म्हणत, आणि खेड्यापाड्यांत नुसतेच 'मरी'. उलटी-जुलाबाने गावात माणसे दगावू लागली, की मरीआईचा गाडा काढण्याची चाल महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती. देवीची स्थापना केलेला तो गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचे. पलीकडचे गावही स्वस्थ बसत नसे. ते तो गाडा आपल्या पुढच्या शिवेवर पोहोचवी. या प्रथेला आज हसणे सोपे आहे. परंतु ती पाळणाऱ्यांना दोन गोष्टी नेमक्या उमगल्या होत्या : हा रोग एकट्या घराचा नव्हे, साऱ्या गावाचा आहे, आणि तो गावोगाव प्रवास करतो. त्याची वाट मात्र त्यांना ठाऊक नव्हती.

ती वाट शोधण्याचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी सार्वजनिक आरोग्य या शास्त्राचा इतिहास होय. वैद्य रोग्याची नाडी पाहतो. हे शास्त्र वस्तीची नाडी पाहते. विहीर कोठे आहे, सांडपाणी कोठे जाते, कोण कोणते पाणी पितो, हे त्याचे प्रश्न. स्मरणिकेसाठी हा विषय घेण्याचे कारण अगदी घरगुती आहे. आमच्या लहानपणी घागरीच्या तोंडावर दुपदरी फडके घातल्याशिवाय आजी पाणी ओतू देत नसे, आणि फडक्यात अडकलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडण्यास सांगे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच घडत असे. पटकीच्या इतिहासाशी या फडक्याचा काही संबंध आहे काय, हे मला पाहावयाचे होते.

बंगालच्या त्रिभुज प्रदेशात हा रोग पूर्वीपासून होता. १८१७ साली तो जेसोरच्या परिसरातून उसळला आणि पेशवाई अखेरच्या घटका मोजत असतानाच मध्य हिंदुस्थानात इंग्रजांच्या छावणीत शिरला. १८१८ मध्ये तो मुंबईस पोहोचला. सैन्य, व्यापारी तांडे, यात्रेकरू आणि गलबते यांच्या सोबतीने तो दूरदूर पसरत गेला व १८३१ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. दूषित हवेने, म्हणजे कुजक्या वासाने, रोग होतो असे त्या वेळी युरोपातील बहुतेक जाणकार मानीत.

लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांना हे पटत नव्हते. ते शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याच्या विद्येत निष्णात होते. वायूंचा अभ्यास हा त्यांचा रोजचा व्यवसाय. रोग हवेतून येत असता, तर तो प्रथम फुप्फुसात दिसला असता. हा तर आतड्यात दिसतो, तेव्हा तो तोंडावाटेच जात असला पाहिजे, असा त्यांचा साधा तर्क होता. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीने थैमान घातले. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे गेली. स्नो घरोघर फिरले. मृतांपैकी बहुतेक जण एकाच हापशाचे पाणी पीत होते. जवळच्या निराश्रितगृहात पाचशेवर माणसे राहत होती, पण तेथे केवळ पाच मृत्यू झाले. त्यांची विहीर स्वतंत्र होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातील कामगारही वाचले. (हा मद्याचा महिमा समजू नये. ते रस्त्यावरच्या हापशाचे पाणी पीत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.) उलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्धा मरण पावली. तिला त्या हापशाच्या पाण्याची चव आवडे, म्हणून ती ते मुद्दाम मागवून घेत असे.

स्नो यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी हापशाचा दांडा काढण्यात आला. साथ तोपर्यंत बरीच ओसरली होती, हे स्वतः स्नो यांनीच नमूद केले आहे; दांडा काढताच साथ थांबली ही कथा पुढे रंगविली गेली. पुढे हेन्री व्हाइटहेड नावाच्या धर्मोपदेशकाने मूळ कारण शोधून काढले. हापशालगतच्या घरातील एक तान्हे मूल आजारी होते, आणि त्याचे लंगोट धुतलेले पाणी तळघरातील शौचकूपात ओतले जाई. तो कूप विहिरीत झिरपत होता. ते पाणी फेकणाऱ्या आईचा काय दोष? तिच्या घरापुरते तिने स्वच्छच केले होते.

माझ्या मते स्नो यांचे खरे मोठे काम मात्र दुसरेच आहे. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीतल्या शेजारशेजारच्या घरांना दोन वेगवेगळ्या कंपन्या पाणी पुरवीत. त्यांपैकी लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी शहराच्या वरच्या अंगाला, थेम्स नदीत घाण मिसळण्यापूर्वीच, उचलण्यास प्रारंभ केला होता. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी शहराची घाण मिसळलेलेच पाणी देत राहिली. हवा, धंदा, गरिबी सारे सारखे. वेगळी होती ती फक्त नळाची कंपनी. स्नो यांनी मोजले : दर दहा हजार घरांमागे लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७ मृत्यू, तर दुसरीच्या ग्राहकांत ३१५. घरे तीच, माणसेही तशीच. कुटुंबाने घर कितीही निर्मळ ठेवले तरी नदीचे पाणी कोठून उचलायचे, हे त्याच्या हाती नव्हते.

१८५८ साली स्नो वारले. त्याच उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाज अवघड झाले आणि जोसेफ बॅझलगेट यांच्या भुयारी गटारांना मंजुरी मिळाली. म्हणजे ज्या दुर्गंधीच्या सिद्धान्ताविरुद्ध स्नो झगडले, त्याच दुर्गंधीने त्यांना हवी असलेली गटारे घडवून आणली! १८६६ मध्ये लंडनला पटकीची शेवटची मोठी साथ आली, ती पूर्व भागात. तेथे गटारांचे काम अपुरे होते.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू निश्चित केला. तेथील एका तलावाच्या पाण्यातही तो त्यांना आढळला. तरीही १८९२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात साडेआठ हजारांच्या आसपास माणसे पटकीने मेली. शहर एल्ब नदीचे पाणी न गाळताच नळांना सोडीत होते. अगदी खेटून असलेले आल्टोना गाव तर त्याच नदीचे, हॅम्बुर्गची घाण मिसळलेले पाणी पीत होते. पण ते वाळूच्या थरांतून सावकाश गाळून. आल्टोनात साथ फारशी पसरली नाही. दोन गावांच्या सरहद्दीवरच्या एकाच रस्त्यावर एका बाजूस रोग, दुसऱ्या बाजूस जवळजवळ नाही, असे चित्र दिसले. सारे गाव मिळून पाणी गाळते तेव्हा काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या मुंबईत १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने आले. त्यापूर्वी शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत असे. धोबी तलाव, गोवालिया टँक ही आता नावेच उरली आहेत. नळ आला, पण गटारे फार मागे राहिली, आणि पटकी येतच राहिली. पंढरीच्या यात्रेत तर चंद्रभागेचे तेच पाणी स्नानाचे व पिण्याचे. वारकरी परतीच्या वाटेवर रोग घेऊन गावोगाव जात. पुढे विहिरींत लाल पोटॅश टाकणे, यात्रेच्या वाटेवर लस टोचणे असे उपाय आले. ते जुन्या माणसांच्या आठवणीत आजही आहेत.

औषधोपचाराची बाजू थोडक्यात सांगतो. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले, की जंतू आतड्यात विष सोडतो आणि त्याने शरीरातील पाणी वाहून जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महलनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात मिसळून आईबापांच्याच हाती दिले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. महलनबीस २०२२ मध्ये निवर्तले; पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळाले.

आता फडक्याकडे वळू. पटकीचा जंतू इतका सूक्ष्म, की तो दुपदरीच काय, चौपदरी कापडातूनही सहज पार होतो. तेव्हा आपल्या पूर्वजांना जंतुशास्त्र अवगत होते, असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ते पाणी गाळीत ते पाण्यातल्या जीवांच्या रक्षणासाठी, आणि त्या हेतूला दुसऱ्या दाखल्याची गरज नाही. परंतु संशोधकांना पुढे असे आढळले, की तळ्या-नद्यांत हे जंतू बहुधा सुटे नसतात. कोपेपॉड नावाच्या इवल्याशा कवचधारी जीवांना ते हजारोंच्या संख्येने चिकटून राहतात. हे जीव मात्र कापडात अडकतात.

अमेरिकेच्या संशोधक रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागात ६५ गावांत, सुमारे १ लाख ३३ हजार लोकवस्तीत, हे पारखून पाहिले. त्यांनी बायकांना जुनी सुती साडी निदान चार पदरी करून घड्याच्या तोंडावर धरायला सांगितली. जुनीच, कारण धुऊन धुऊन सुताचे धागे फुगतात आणि विणीतली छिद्रे बारीक होतात. नवी साडी तितकी उपयोगी नाही. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. आजीचे फडकेही जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचेच असे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

अर्धे प्रमाण घटले, याचा अर्थ अर्धे उरले, हेही खरे. विहिरीशेजारी शौचकूप झिरपत असेल, तर कापड अपुरेच. तेथे पाणी उकळणे, क्लोरिन आणि बंदिस्त गटार यांनाच पर्याय नाही. शिवाय आपण आपले पाणी गाळले तरी वस्ती त्याच विहिरीवर असते. संशोधकांनी पाच वर्षांनी त्याच गावांत पुन्हा पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. कोणीही पाठीशी नसताना सुमारे ३१ टक्के स्त्रिया पाणी गाळीतच होत्या. आणि स्वतः पाणी न गाळणारी, परंतु आसपासचे शेजारी नियमाने गाळत असलेली जी घरे होती, त्या घरांतही पटकी कमी आढळली.