आधी पोटाला, मग कॉलेजला

अमेरिकन कॉलेजांची माजी विद्यार्थ्यांसाठी निघणारी मासिकं चाळली, की शेवटच्या पानांवर कुठेतरी एक ठरलेला फोटो सापडतो. सत्तरी ओलांडलेलं जोडपं, दोघंही त्याच कॉलेजातले, मागे झाडांनी भरलेलं आवार. खाली मजकूर असतो, की या दोघांनी आपल्या मालमत्तेचा काही भाग गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी लिहून ठेवला आहे.

बारकाईने वाचलं की त्यातली गोम कळते. पैसे किंवा शेअर्स आज कॉलेजच्या हवाली होतात, पण ठरावीक उत्पन्न मात्र नवरा-बायकोला मिळत राहतं. एक गेलं तर मागे राहिलेल्याला. दोघंही गेली, की उरेल ते शिष्यवृत्तीला. करात सवलत मिळते ती वेगळीच. १९६९ च्या अमेरिकन करकायद्याने अशा निधींचे नियम नीट बांधून दिले आणि मग हा प्रकार चांगलाच रुजला.

आपल्या मनात दान म्हटलं की उदक सोडणं येतं. हातावरून पाणी सोडलं की त्या वस्तूवरचा हक्क संपला. मग देऊनही आयुष्यभर त्यावर जेवायचं, याला दान म्हणायचं की व्यवहार? या प्रश्नाच्या मागे जाता जाता माझी गाठ पडली जॉन ट्रंबुल या चित्रकाराशी.

त्याचं नाव ठाऊक नसलं तरी चित्र तुम्ही पाहिलेलं असण्याची शक्यता आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा सादर होतानाचं त्याचं चित्र १९७६ पासून दोन डॉलरच्या नोटेच्या मागे छापलेलं आहे. ट्रंबुल कनेक्टिकटच्या गव्हर्नरचा मुलगा. लहानपणीच एका डोळ्याची दृष्टी गेलेली. १७७३ मध्ये तो हार्वर्डमधून पदवीधर झाला, काही काळ वॉशिंग्टनच्या हाताखाली सैन्यात होता, आणि नंतर त्याच क्रांतीचे प्रसंग रंगवणं हे त्याने आयुष्यभराचं काम मानलं. १८१७ मध्ये सरकारने कॅपिटॉलसाठी त्याच्याकडून चार मोठी चित्रं मागवली, एकूण ३२,००० डॉलरला. त्याला आशा होती त्याहून अधिक चित्रांची. ती काही फळाला आली नाही.

१८०० मध्ये लंडनमध्ये त्याने सारा हार्वी या इंग्रज मुलीशी लग्न केलं होतं. दोघांना मूल झालं नाही. १८२४ मध्ये सारा गेली. १८३१ उजाडलं तेव्हा ट्रंबुल पंचाहत्तरीचा, एकटा आणि पैशाने ओढगस्तीला आलेला. जवळ होती ती न विकलेली चित्रं. एकेक करून विकली असती तर चार दिवस निघाले असते, पण आयुष्याची कमाई दहा घरांत विखुरली असती.

येल कॉलेजातले विज्ञानाचे प्राध्यापक बेंजामिन सिलिमन हे त्याचे पुतणजावई. त्यांच्या मध्यस्थीने करार झाला. चित्रं येलला द्यायची, येलने त्यांच्यासाठी इमारत बांधायची आणि ट्रंबुलला हयात असेपर्यंत वर्षाला १,००० डॉलर द्यायचे. त्याच्या मृत्यूनंतर चित्रं बघायला येणाऱ्यांकडून जे उत्पन्न होईल, ते गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला. हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्याने दान दिलं ते येलला, हीही एक गंमतच! १८३२ मध्ये ते दालन उघडलं. नकाशा त्याने स्वतःच काढला होता.

या करारात कॉलेजने एक प्रकारे पैज लावली होती. म्हातारा वर्षभरात गेला असता तर चित्रं जवळजवळ फुकट पडली असती. तो जगला १८४३ पर्यंत, सत्त्याऐंशी वर्षांचा होईस्तोवर. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला साराशेजारी, त्या दालनाच्या खाली पुरलं. पुढे चित्रं दुसऱ्या इमारतीत गेली तसे दोघांचे अवशेषही सोबत नेले गेले.

मला यात व्यवहार दिसतो, तसा मानही दिसतो. दाता म्हणजे धनवानच, हे आपण गृहीत धरतो. इथे देणारा स्वतःच गरजू होता. कुणापुढे हात न पसरता त्याने आपलं म्हातारपण निभावलं आणि नंतरच्या गरजूंचीही सोय लावली. आजच्या त्या फोटोतल्या जोडप्यांपैकी अनेकांची चिंता हीच असणार. आपल्या माघारी जोडीदाराचं काय? ती मिटल्याशिवाय मध्यमवर्गीय माणसाचा हात सुटत नाही.

मात्र देणारा गेल्यावर शब्द पाळायचा असतो तो संस्थेने. तो कसा विसरला जातो, याचं उदाहरण खुद्द हार्वर्डचं आहे. १६४३ मध्ये लंडनच्या लेडी मोल्सन या विधवेने गरीब विद्यार्थ्यासाठी तिथे १०० पौंड दिले. ही हार्वर्डची पहिली शिष्यवृत्ती. पण ते पैसे वसाहतीच्या तिजोरीत जाऊन पडले, कॉलेजकडे परत आले १७१३ मध्ये, आणि दात्रीचं नाव पुसून गेलं. ते पुन्हा वर आलं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८९४ मध्ये तिच्या माहेरच्या नावावरून मुलींच्या कॉलेजला रॅडक्लिफ हे नाव मिळालं.

आपल्याकडे नाना शंकरशेटांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती आहे. नाना गेले १८६५ मध्ये. १९१२ च्या मॅट्रिकला ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली, आणि 'शंकरशेट स्कॉलर' हे शब्द पुढे कितीतरी घरांत अभिमानाने उच्चारले गेले. दर वर्षी कुणीतरी नवा मुलगा किंवा मुलगी ते नाव घरी घेऊन जात होती, म्हणून ते राहिलं. लेडी मोल्सनच्या शंभर पौंडांना अडीचशे वर्षं असं कुणी भेटलं नाही.