जुन्या गाडीचे स्वयंसमतल सस्पेन्शन : दुरुस्ती की बदल?

डिकीत सामान भरले आणि मागे तीन माणसे बसली, की सर्वसाधारण मोटारीचा मागचा भाग खाली बसतो. हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. स्वयंसमतल सस्पेन्शन हे टाळते : भार वाढला तरी गाडीची मागची उंची ते कायम राखते. सित्रोएनने १९५४ मध्ये ‘१५-सिक्स एच’ या मोटारीच्या मागील चाकांना अशी तेल-वायूवर चालणारी यंत्रणा बसवली. पुढे मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू १२३ आणि डब्ल्यू १२४ मालिकांतील इस्टेट गाड्यांत ती कारखान्यातूनच येऊ लागली. या गाड्या आता जुन्या झाल्या असून, यंत्रणा बिघडली की ती काढून साधे भाग बसवावेत का, हा प्रश्न मालकांपुढे उभा राहतो.

तीन प्रकार

मर्सिडीजच्या पद्धतीत इंजिनावर चालणारा पंप दाबाखालील तेल मागील स्ट्रटमध्ये पाठवतो. उंची नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह मागच्या अँटी-रोल बारला जोडलेला असतो. नायट्रोजन भरलेले दोन गोळे धक्के शोषतात. येथे कॉइल स्प्रिंगही असते, परंतु ती सगळा भार पेलत नाही. उरलेला भार तेलाचा दाब पेलतो.

लिंकन टाउन कारसारख्या गाड्यांत मागे स्प्रिंगऐवजी रबरी हवेच्या पिशव्या, कॉम्प्रेसर आणि उंचीचा सेन्सर असतो. व्होल्वोच्या काही इस्टेट गाड्यांत आढळणारा ‘निवोमॅट’ हा तिसरा प्रकार. यात बाहेरचा पंप नसतो. चाकाच्या वरखाली हालचालीतूनच शॉक अ‍ॅब्सॉर्बर आपला दाब निर्माण करतो.

आधी निदान

मर्सिडीजची मागची बाजू उंचीला योग्य, पण चाल दगडासारखी कडक झाली असेल, तर बहुधा गोळ्यांतील नायट्रोजन संपलेला असतो. अशा वेळी फक्त गोळे बदलून काम भागते; संपूर्ण यंत्रणा उखडण्याचे कारण नसते. टाकीतील तेल वारंवार कमी होत असेल, तर गळती नळीतून, व्हॉल्व्हमधून की स्ट्रटमधून आहे, ते शोधावे. तेल या यंत्रणेसाठी सांगितलेलेच वापरावे. हवेच्या पद्धतीत जुन्या पिशव्यांना तडे जातात आणि गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळतो.

बदल करताना

सर्वांत मोठी चूक म्हणजे केवळ शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलणे. मूळ स्प्रिंग अर्धवट भारासाठीच आखलेली असल्याने गाडी मागून खाली बसते. निवोमॅटलाही हेच लागू आहे. म्हणून अधिक ताकदीच्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्रच, दोन्ही बाजूंना बसवावे लागतात. माउंटिंग जुळते का, हे आधी तपासावे.

मर्सिडीजचा पंप तसाच कोरडा चालू ठेवल्यास तो घासून निकामी होतो. तो काढून जागा बंद करावी किंवा तेल टाकीकडे परत फिरवावे. नळ्या सोडण्यापूर्वी दाब उतरवणे आवश्यक आहे. टाउन कार जॅकवर चढवण्यापूर्वी डिकीतील एअर सस्पेन्शनचा स्विच बंद करावा. दाबलेली कॉइल स्प्रिंग जीवघेणी ठरू शकते; हे काम अनुभवी मेकॅनिककडेच सोपवावे.

काय गमावले जाते

साधी स्प्रिंग एकाच भाराला योग्य ठरते. रिकाम्या गाडीला मऊ वाटणारी स्प्रिंग भरलेल्या गाडीला अपुरी पडते, तर जड भारासाठी निवडलेली स्प्रिंग एरवी धक्के देते. बदलानंतर हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवावा. ट्रेलर ओढणाऱ्यांनी विशेष विचार करावा.

कायदेशीर बाजूही आहे. जर्मनीत सस्पेन्शनमधील बदलासाठी मान्यताप्राप्त भाग, तसेच अनेकदा तपासणी व कागदपत्रांतील नोंद लागते. ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. न कळवल्यास दावा अडचणीत येऊ शकतो.

निर्णय

गोळा, एखादी नळी किंवा पिशवी एवढाच दोष असेल, तर दुरुस्ती श्रेयस्कर. स्ट्रट, पंप आणि व्हॉल्व्ह तिन्ही थकले असतील आणि गाडी बहुधा हलक्या भारानेच धावत असेल, तर पारंपरिक भाग हा व्यवहार्य पर्याय आहे. काढलेले सुस्थितीतील भाग मात्र जपून ठेवावेत. पुढचा मालक कदाचित मूळ यंत्रणाच मागेल.