आवाज आणि त्याची खतावणी

सह्याद्रीच्या कड्याखाली, उल्हास व पाताळगंगा ह्या नद्यांच्या वरच्या अंगाला, रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके पसरले आहेत. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला हा मुलूख ठाऊक असतो तो बहुधा आगगाडीच्या खिडकीतून. घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून इंजिने जोडेपर्यंत कर्जतच्या फलाटावर बटाटेवडा खावयाचा, एवढीच त्याची ओळख. रुळांपासून दूर, डोंगराच्या सोंडांवर व पठारांवर ठाकर आणि कातकरी ह्यांच्या वाड्या आहेत. त्यांची लग्नातली गाणी, नाचाची गाणी, देवाची गाणी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात आजवर टिकली. ज्याला ती जतन करावयाची असतील त्याला यंत्र पाठीस बांधून डोंगर चढण्यावाचून गत्यंतर नाही.

आता अशी कल्पना करावी की, एखादा अभ्यासक अशा वाडीवर गेला, रात्री अंगणात बायका जमल्या, संगणकावर तासभर गाणे उतरले, आणि शेवटच्या गाण्याच्या मध्यावरच वीज गेली व संगणक मिटला. वास्तविक खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ सालीच मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली होती. तरीही त्याच तालुक्यातील वाडीवर नेमक्या क्षणी दिवा मालवावा, ह्याला काय म्हणावे! दुसऱ्या दिवशी संगणक सुरू होतो, पण ध्वनिमुद्रणाची फाईल काही उघडत नाही. फाईल बिघडली आहे, एवढेच उत्तर पडद्यावर उमटते. तर मग तासाभराचे ते गाणे गेले असे समजावे काय? ह्याचे उत्तर देण्यापूर्वी आवाज साठविण्याच्या विद्येचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला तेव्हा आवाज म्हणजे कथलाच्या पत्र्यावरची एक खाच होती. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्यास आले आणि गौहरजानचा आवाज तबकडीवर चढला, तेव्हाही तो खाचेतच होता. तबकडीला चरा गेला तर तो डोळ्यांना दिसे आणि कानांना टोचे. फुटली तर तुकडे हाती येत. जर्मनीत १९३५ साली चुंबकीय फितीचे यंत्र लोकांसमोर आले आणि पुढे आपल्याकडील नभोवाणी केंद्रांतही फितीचेच राज्य झाले. फीत तुटली तर तंत्रज्ञ पात्याने दोन्ही टोके तिरपी कापी, पाठीमागून चिकटपट्टी लावी आणि काम पुढे चालू होई. नको असलेला शब्द कापून टाकला तर तो खरोखरच जमिनीवर पडलेला दिसे. म्हणजे ह्या साऱ्या काळात आवाज आणि त्याचा क्रम ह्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. फितीवर जे जेथे होते, तेच तेथे ऐकू येई.

संगणकाने ही गाठ सोडली. संगणकावर काम करणारा मनुष्य आवाज कापीत नाही. तो केवळ लिहून ठेवतो की अमक्या क्षणापासून तमक्या क्षणापर्यंतचा भाग वाजवू नये, अमका तुकडा त्या तुकड्यानंतर घ्यावा, हा जरा मोठा करावा. आवाज एकीकडे आणि त्याचा हिशेब दुसरीकडे. ह्या हिशेबालाच प्रोजेक्ट फाईल म्हणतात. आपल्या पेढीवरच्या भाषेत बोलावयाचे तर आवाज हा कोठीतला माल आणि प्रोजेक्ट फाईल ही खतावणी. खतावणी जळाली म्हणून माल जळत नाही. परंतु कोणते पोते कोणाचे, हे सांगणारा कोणी उरत नाही.

ऑडॅसिटी नावाचा, फुकट मिळणारा व म्हणूनच हौशी मंडळींत विशेष प्रसार पावलेला कार्यक्रम ह्या बाबतीत पाहण्याजोगा आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅनेनबर्ग ह्यांनी १९९९ साली त्याचे काम आरंभिले आणि २००० च्या मे महिन्यात तो लोकांस खुला झाला. पुढची सुमारे दोन दशके त्याची रीत अशी होती की, खतावणीची एक लहानशी फाईल असे आणि तिच्या शेजारच्या फोल्डरात आवाजाचे असंख्य बारीक तुकडे असत. प्रत्येक तुकडा फार तर एक मेगाबाइटचा, म्हणजे नेहमीच्या मांडणीत सुमारे सहा सेकंदांचा. डाव्या व उजव्या कानाचे तुकडे वेगळे धरले तर एका तासाच्या गाण्याचे सुमारे १२०० तुकडे होत. खतावणी नाहीशी झाली की हे १२०० तुकडे बेवारशी होत. त्या कार्यक्रमात त्यांना नावही 'अनाथ' असेच दिलेले होते. तरीपण प्रत्येक तुकडा लिहिला गेल्याची वेळ संगणकाच्या नोंदीत राहत असे. त्या वेळेच्या क्रमाने तुकडे मांडावे, डावे व उजवे एकाआड एक वेगळे करावे, म्हणजे मूळ गाणे जसे गायिले गेले तसे पुन्हा उभे राही. ह्या कामासाठी साहाय्यक कार्यक्रमही निघाले होते. मात्र मुद्रणानंतर ज्याने मनसोक्त काटछाट केली असेल त्याची पंचाईत होई. वेळेचा क्रम हा गाण्याचा क्रम राहिलेला नसे, आणि मग कानाने ओळखून सहा-सहा सेकंद जुळवीत बसावे लागे. ज्या अभ्यासकाने वाडीवरचे मुद्रण हात न लावता तसेच ठेवले त्याची सुटका सोपी, आणि ज्याने घरी येऊन त्याच रात्री ते सुशोभित करावयास घेतले त्याची अवघड!

लोक खतावणी एका जागी नेत आणि तुकड्यांचे फोल्डर दुसरीकडे विसरत, ही तक्रार फार झाली. म्हणून २०२१ च्या मार्च महिन्यात तिसऱ्या आवृत्तीपासून माल आणि खतावणी एकाच फाईलमध्ये बांधण्यात आली. ही फाईल म्हणजे प्रत्यक्षात एक लहान माहितीकोश असून तो एस्क्यूलाइट ह्या पद्धतीने रचलेला असतो. ही पद्धत रिचर्ड हिप ह्या अमेरिकन गृहस्थाने २००० साली प्रसिद्ध केली. तिच्यात आपल्या व्यापाऱ्यांना तत्काळ ओळखू येईल अशी एक सोय आहे. कोणतीही नवी नोंद एकदम खतावणीत चढत नाही. ती आधी कीर्दीत लिहिली जाते आणि मग सवडीने खतावणीत उतरते. ही कीर्द म्हणजे मूळ फाईलच्या शेजारी, तिचेच नाव घेऊन आणि शेवटी 'वॉल' ही अक्षरे लावून दिसणारी दुसरी फाईल. काम नीट संपले की ती आपोआप नाहीशी होते. वीज अवचित गेली तर मात्र ती मागे राहते, आणि गाण्याची शेवटची मिनिटे कदाचित तिच्यातच असतात. पुष्कळ लोक तिला केरकचरा समजून पुसून टाकतात. बिघाडापेक्षा ह्या स्वच्छतेनेच अधिक नुकसान होते.

म्हणून दुरुस्तीचे पहिले काम दुरुस्ती हे नव्हेच. फाईल आणि तिची कीर्द, दोन्ही जशीच्या तशी दुसऱ्या तबकडीवर उतरवून घ्यावी आणि पुढचे सारे प्रयोग त्या प्रतीवर करावे. मूळ तबकडीवर नवे काही लिहू नये, कारण आवाज खरोखर नष्ट होतो तो त्याच्या जागेवर दुसरे काही लिहिले गेल्यावरच. मग प्रत उघडून पाहावी; कित्येकदा कार्यक्रम स्वतःच कीर्द वाचून मुद्रण पूर्ववत करतो. तसे न झाल्यास एस्क्यूलाइटच्या साधनांत २०१९ पासून एक पुनःप्राप्तीची आज्ञा आहे. ती मोडक्या कोशातील वाचता येईल ते प्रत्येक पान उचलते आणि नव्या कोशात मांडते. आवाजाच्या तुकड्यांना तेथे चढते अनुक्रमांक असतात. त्यामुळे मांडणीचा कागद अगदी वाचेनासा झाला तरी, मूळ मुद्रणाला हात लागलेला नसेल, तर ते अनुक्रमांक धरून ओळीने लावता येते.

साध्या वेव्ह फाईलची गोष्ट ह्याहून सोपी आहे. १९९१ साली मायक्रोसॉफ्ट व आयबीएम ह्या कंपन्यांनी ठरविलेल्या ह्या प्रकारात आरंभी एक छोटे कपाळ असते, आणि पुढे किती आवाज आहे ह्याचा आकडा त्यावर लिहिलेला असतो. तो आकडा मुद्रण संपल्यावर भरावयाचा असल्यामुळे मध्येच खंड पडला तर बहुधा शून्य किंवा चुकीचा राहतो, आणि यंत्र फाईल रिकामी समजते. फाईलची खरी लांबी मोजून तो आकडा भरला की गाणे परत येते. आकडा भरताना दर सेकंदाचे प्रमाण मात्र अचूक हवे. ४८,००० च्या प्रमाणाने घेतलेले गाणे ४४,१०० चे म्हणून वाजविले तर लय सुमारे आठ टक्के मंदावते आणि पट्टी उतरते. एका बाइटाने आरंभ चुकला तर गाण्याच्या जागी नुसती खरखर ऐकू येते.

एवढे करून जे परत मिळते तो आवाज. कोण गायिले, कोणत्या वाडीवर, कोणत्या प्रसंगीचे हे गाणे, हे अभ्यासकाने प्रोजेक्ट फाईलच्या पट्टीवर टिपले असेल तर मांडणीच्या कागदाबरोबर तेही जाते. ह्या तालुक्यांच्या माथ्यावर, घाटापलीकडे मावळ व मुळशी भागात, गी पॉइटवँ व हेमा राईरकर ह्यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड काम केले, त्याचे मोल ह्या दृष्टीनेही ध्यानात घ्यावे. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या. संगणक व संगीत ह्या दोहोंत गती असलेले बर्नार बेल ह्यांच्या साह्याने शंभराहून अधिक तासांचे मुद्रण झाले, आणि २०१७ पासून तो ठेवा 'पारी' ह्या संस्थेने लोकांसमोर ठेवण्यास आरंभ केला. तेथे ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि तिचे गाव नोंदलेले असते. ही नोंद आवाजाच्या फाईलच्या पोटात न ठेवता स्वतंत्र ठेवलेली असल्याने एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहू शकते.

नावांची ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण खालापूर तालुक्यात ती किरकोळ राहिलेली नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. अशा वाडीवरचे एखादे जुने मुद्रण कोणाच्या संगणकात न उघडता पडले असेल, तर पुन्हा जाऊन तेच गाणे घेऊ असे म्हणण्याची सोय नाही. वाचलेली कुटुंबे डोंगर सोडून खाली चौकच्या बाजूला आली. तुकडे जुळवून झाल्यावर त्यांतील आवाज कोणाचा, हे विचारावयाचे तर तेथेच, त्यांच्यापाशीच जावे लागेल.