जामखेड प्रकल्प

महाराष्ट्राच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने सुरू केलेला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून दोघे या दुष्काळी, कायम पाण्याची ओढ असलेल्या भागात आले.

प्रकल्पाचा कणा म्हणजे गावानेच निवडलेल्या आरोग्यसेविका. बहुतेक निरक्षर, अनेक दलित कुटुंबांतल्या. सुईणपण, बाळाचे वजन, लसीकरण त्या शिकल्या. जुलाब लागलेल्या मुलासाठी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर कालवायची, घोटघोट पाजायची आणि अंगावरचे दूध तोडायचे नाही, हे शेजारणीच्या तोंडून आलेले आईला पटकन पटे. पांढऱ्या कोटातल्या माणसाला ते साधत नाही. 1972 च्या दुष्काळात औषधांआधी अन्न आणि पाणी पुरवावे लागले. शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी राहिली, आणि जातीच्या प्रश्नालाही हात घालावा लागला.

प्रारंभी हजारी 176 असलेला बालमृत्युदर पुढील दोन दशकांत तिशीच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1975 च्या ग्रंथात जामखेडवर प्रकरण आहे. 1978 च्या आल्मा-आटा परिषदेतील प्राथमिक आरोग्यसेवेच्या विचाराला अशाच प्रयोगांचा आधार होता. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल 1999 मध्ये, रजनीकांत 2011 मध्ये निवर्तले. येथील प्रशिक्षण केंद्रात इतर विकसनशील देशांतील कार्यकर्तेही शिकून गेले आहेत.