शिक्षण आणि सामाजिक वर्ग

पालकांचा व्यवसाय, मिळकत व प्रतिष्ठा यांचा मुलाच्या शालेय यशापयशाशी असलेला संबंध. शिक्षणाच्या समाजशास्त्रातील हा मध्यवर्ती वादविषय.

इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांची फी रद्द झाली आणि अकराव्या वर्षीच्या परीक्षेवरून मुले ग्रामर (उच्च शिक्षणाकडे नेणाऱ्या) व इतर शाळांत विभागली जाऊ लागली. तरीही ग्रामर शाळांत मध्यमवर्गीय मुलांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्याहून जास्तच राहिले. अडसर केवळ पैशाचा नव्हता, हे यातून उघड झाले.

अमेरिकन कार्यवादी टॅल्कट पार्सन्स (१९५९) यांच्या मते शाळा गुणवत्तेनुसार मुलांची निवड करून त्यांना योग्य जागी पोचवते. सर्वांची सुरुवात एकाच रेषेवरून होते, हे यात गृहीतच धरलेले आहे. मार्क्सवादी बोल्स व गिंटिस (१९७६) यांना शाळेत कारखान्याची तालीम दिसली : वेळेची शिस्त, वरिष्ठांचे ऐकणे, शिकण्याच्या गोडीऐवजी गुणांसाठी राबणे. मांडणी ठसठशीत, पण तीत मुले जणू मातीचे गोळे ठरतात. पॉल विलिस यांनी १९७७ च्या ग्रंथात ही उणीव भरून काढली. इंग्लंडच्या औद्योगिक मिडलँड्समधील बारा कामगारपुत्रांची टोळी शाळेची टर उडवी आणि शिक्षकांचे ऐकणाऱ्यांना ‘कान’ म्हणून हिणवी. गंमत अशी, की या बंडखोरीनेच त्यांना आपल्या बापांसारखे अंगमेहनतीच्या कामांकडे नेले.

सर्वांत खोलवर गेले ते फ्रान्सचे प्येर बोर्द्यू (१९३०–२००२). बेआर्न या ग्रामीण भागातील टपाल कर्मचाऱ्याचा हा मुलगा पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित उच्च शिक्षणसंस्थेपर्यंत पोचला. सहकारी पासरों यांच्यासह लिहिलेल्या १९६४ व १९७० च्या ग्रंथांत त्यांनी दाखवले, की बोलण्याची ढब, वाचनाची सवय, कलेची जाण ही घरातून मिळणारी मिळकत असते. तिला त्यांनी ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हटले. शाळा हे भांडवल शिकवत नाही, पण परीक्षेत त्याचीच अपेक्षा धरते. ज्याच्या घरी ते आहे तो ‘उपजत हुशार’ ठरतो, आणि ज्याच्या घरी नाही तो स्वतःलाच मठ्ठ समजू लागतो.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बेझिल बर्नस्टाइन यांनी कामगार व मध्यम वर्गांच्या भाषावापरात ‘मर्यादित’ (संदर्भावर विसंबणारी) आणि ‘विस्तृत’ (अर्थ उलगडून सांगणारी) अशा संहितांचा भेद केला. त्यावरून गरिबांची भाषाच दुबळी, असा सोयीचा अर्थ अनेकांनी काढला. बर्नस्टाइन यांना तो मान्य नव्हता. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनीही न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीतील तर्कशुद्धता दाखवून अशा समजुतीचे खंडन केले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रेमों बूदों (१९७४) यांनी आणखी एक मुद्दा पुढे आणला : गुण सारखे असले, तरी पुढे शिकावे की नाही याचा हिशेब गरिबाघरी वेगळा होतो, कारण नापास होण्याची जोखीम त्यांना पेलणारी नसते.

भारतात वर्गाचा विचार जातीला वगळून करता येत नाही. शेतकऱ्यांच्या करातून उभ्या राहिलेल्या निधीचा लाभ वरिष्ठ जातीच घेतात, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे लेखी निवेदनात मांडली आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली.