पेटीतला रत्नाकर

अगस्ती ऋषींनी अख्खा समुद्र एका आचमनात पिऊन टाकला, असे पुराणे सांगतात. पिणे एक वेळ सोपे म्हणावे. तो घरात आणून नांदवणे महाकठीण! नुसते खारे पाणी हंड्यात भरून ठेवायचे तर त्यात काय मोठेसे? परंतु त्या पाण्यात मासे विहरायला हवेत, खडकावर प्रवाळ वाढायला हवे, आणि हे सारे दिवाणखान्यातल्या एका काचेच्या पेटीत वर्षानुवर्षे जिवंत राहायला हवे. हा उपद्व्याप माणूस गेली जवळजवळ दोनशे वर्षे करीत आला आहे. त्यात तो कितीदा तरी बुडाला आणि पुन्हा वर आला. त्याची ही हकीकत मी जसजशी वाचीत गेलो तसतसे मला वाटू लागले, की शोभेच्या एका वस्तूपुरती ही कथा नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचे उपकार माणसाला किती उशिरा कळले, याचीच ती कथा आहे.

प्रवाळ म्हणजेच पोवळे, आणि पोवळे म्हटले की आपल्याला मंगळाच्या अंगठीतला तांबडा खडा आठवतो. तो खडा भूमध्य समुद्रातल्या एका जातीचा सांगाडा. उष्ण समुद्रात मैलोगणती भिंती बांधणारी प्रवाळे निराळी, पण कूळ तेच. प्रवाळ हे झाडही नव्हे आणि दगडही नव्हे. तो प्राणी आहे. असे शेकडो-हजारो इवलाले जीव एकमेकांना बिलगून राहतात आणि पाण्यातला चुना घेऊन आपले घर बांधतात. उथळ पाण्यातल्या प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवालांचे बिऱ्हाड असते. ही शैवाले उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला भाड्यादाखल देतात. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हे भाडेकरू बाहेर पडतात. मग प्रवाळ पांढरेफटक पडते, आणि पाणी लवकर निवळले नाही तर उपासाने मरते. अशा नाजूक संसाराला पेटीत आणायचे म्हणजे काय, याची यावरून कल्पना यावी.

या कथेच्या आरंभीच दोन स्त्रिया भेटतात, ही मला मोठी गोड गोष्ट वाटते. पहिली झान विलप्रो-पॉवर. ही पॅरिसमध्ये कपडे शिवणारी बाई लग्न होऊन सिसिली बेटातल्या मेसिना गावी आली आणि समुद्राच्या नादी लागली. अष्टपादाच्या कुळातला आर्गोनॉट हा प्राणी आपला कागदासारखा पातळ शिंपला स्वतः बनवितो की दुसऱ्याचा पळवितो, हा वाद तेव्हा विद्वानांत चालला होता. बाईंनी १८३२ च्या सुमारास काचेच्या टाक्या करून घेतल्या, त्यांत हे प्राणी पाळले, आणि शिंपल्याला भोक पाडले तर प्राणी ते स्वतःच बुजवितो हे डोळ्यांनी पाहिले. वाद मिटला.

दुसरी लंडनची ॲना थिन. १८४६ साली ती टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावी गेली असता तिने काही जिवंत प्रवाळे दगडी बरणीत घालून लंडनला आणली. हलून आपटू नयेत म्हणून ती सुईदोऱ्याने स्पंजाला शिवून टाकली होती! लंडनपासून समुद्र दूर. रोज ताजे पाणी आणायचे कोठून? म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचे, आपण चहा निवविताना करतो तसे. हे काम रोज अर्धा-पाऊण तास घरातली एक लहानशी मोलकरीण करीत असे. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ घातले. अशा रीतीने तिने प्रवाळे तीनएक वर्षे जगविली. एवढेच नव्हे, तर त्यांना पोरेबाळेही झाली. प्राणवायूचे यंत्र नाही, वीज नाही. एका पोरीचे दोन हात आणि थोडी वनस्पती. त्या पोरीचे नाव कोठे वाचल्याचे मला आठवत नाही. पण घरातल्या समुद्राचा पहिला पंप तीच, असे मी तरी मानतो.

पुढे १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात मासे, वनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून त्यांचा हिशेब जमविता येतो हे दाखविले. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता. त्यामुळे काच स्वस्त झाली होती. रेल्वेने माणसे समुद्रावर जाऊ लागली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. झाले! घरोघरी समुद्राची पेटी हवीशी झाली. गॉसने त्याच सुमारास चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजलही करून दाखविले.

मात्र हौस जितक्या वेगाने चढली तितक्याच वेगाने उतरली. लोक पेटीत जीव कोंबीत; एक मेला की त्याच्या कुजण्याने दुसरा मरे; पाणी दुधासारखे होई आणि दिवाणखान्यात वास सुटे. पेटी माडीवर जाई, मग अडगळीत. एवढ्यावर भागले असते तर हसून सोडून देता आले असते. परंतु या हौसेपायी माणसांच्या झुंडी डबे-जाळी घेऊन किनाऱ्यावर उतरल्या आणि खडकांतली डबकी त्यांनी अक्षरशः लुटून नेली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात हे दुःख नोंदविले आहे. वडिलांनी ज्या किनाऱ्याचे प्रेमाने वर्णन केले, तो किनारा त्या वर्णनामुळेच ओका झाला, आणि हे कळून त्या भाविक मनाच्या म्हाताऱ्याला फार लागले. प्रेमानेही एखाद्या गोष्टीचा नाश होतो, तो असा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाणी बिघडते ते का? देव-दानवांनी समुद्र घुसळला तेव्हा अमृताच्या आधी हलाहल वर आले. काचेच्या समुद्राचेही तसेच आहे. नव्या पेटीत प्राणी सोडले, की त्यांच्या मलमूत्रातून आणि उरल्यासुरल्या अन्नातून पहिल्याने अमोनियाचे विष निघते. ते पिणारा नीळकंठ कोण? पाण्यातले आणि खडकावरचे सूक्ष्म जंतू. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जंतू वेगळे काढून दाखविले. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही त्याचे पुढे नायट्रेट करतात, आणि तेव्हा कोठे पाणी जगण्याजोगे होते. हे जंतू वाढायला काही आठवडे लागतात. तेवढा धीर ज्याला नाही, त्याने या वाटेला जाऊच नये. परंतु हे प्रयोगशाळेतले ज्ञान हौशी माणसाच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचायला अर्धे शतक लोटले.

तोवर सार्वजनिक मत्स्यालये मोठी होत गेली. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा समोर रस्त्यापलीकडे खरा समुद्र होता. मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्राच्या पोटातले पहिले दर्शन तेथे घेतले आहे. पण घरच्या पेटीत त्या काळी जगत असत ते मासेच. प्रवाळ म्हणून जे मांडलेले असे ते धुऊन पांढरे केलेले सांगाडे. दर थोड्या दिवसांनी ते काढून घासूनपुसून लख्ख करायचे, हाच शिरस्ता. जितकी स्वच्छता जास्त तितके चांगले, असा समज. आणि त्या स्वच्छतेबरोबर बिचारे नीळकंठही धुऊन निघत!

हा समज फिरविला जकार्तातल्या ली चिन एंग या गृहस्थाने. १९६१ साली एका अमेरिकन मासिकात त्याने आपली रीत सांगितली. समुद्रातून जिवंत खडक आणावे, म्हणजे ज्यांच्या भोकाभोकांत किडे, शैवाल आणि जंतू राहतात असे. ते घासू नयेत. पेटीवर उजेड भरपूर पडू द्यावा, हवेचे थोडे बुडबुडे सोडावे, आणि हात आवरावा. बस्स. त्या खडकाच्या बाहेरच्या अंगावर विष पचविणारे जंतू राहतात. आत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, दुसऱ्या जातीचे जंतू नायट्रेटचेही विघटन करतात. ज्याला लोक घाण म्हणून खरवडीत होते तोच घराचा कर्ता पुरुष निघाला!

युरोपातल्या हौशी लोकांनी ही रीत पुढे नेली. सत्तरीच्या दशकात पीटर विल्केन्स यांनी प्रवाळांना घर बांधायला चुना हवा म्हणून पेटीत थेंबथेंब चुन्याची निवळी सोडायला शिकविले. आपल्याकडे पानाच्या डब्यात जो चुना, त्याचीच ही निवळी! बर्लिनच्या डीट्रिख श्टूबर यांनी शाखाळ प्रवाळ पेटीत वाढवून दाखविले आणि त्याचे तुकडे तोडून स्नेह्यासोबत्यांना वाटले. मोगऱ्याची फांदी शेजारणीला द्यावी, तिने ती पुढे आपल्या बहिणीला द्यावी, तसे ते प्रवाळ हस्ते-परहस्ते गावोगाव आणि देशोदेशी गेले. समुद्रातून ओरबाडून आणण्याऐवजी घरचे कलम लावायची ही रीत पडली, हा या इतिहासातला सर्वांत सुंदर वळणबिंदू होय.

एवढे ज्ञान हाती आले म्हणून चढउतार संपले असे मात्र नाही. सिंगापुरात स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांकडे अशी पेटी आहे. पाण्याची वाफ होते, पण मीठ मागेच राहते. म्हणून रोज गोडे पाणी घालावे लागते. लिटरमागे पस्तीस ग्रॅम क्षार, सव्वीस अंशांच्या आसपास उष्णता. दोन्हीकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचे. गोडे पाणी आपोआप पडावे म्हणून त्यांनी माडीवरच्या टाकीत असतो तसा बॉल बसविला होता. एका वर्षी ते गणपतीला पुण्याला आले आणि तिकडे तो बॉल अडकला. गोडे पाणी वाहतच राहिले, खारटपणा उतरला, आणि तीन वर्षे जपलेली प्रवाळे दोन दिवसांत गेली. स्नेह्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, “भाऊजी, घरात कोणी आजारी असावे तसे हे त्या पेटीपुढे बसून होते.” पण त्यांनी पेटी विकली नाही. त्यांनी प्रथम खडक वाचविले, मग सहा महिने पेटीत काही घातले नाही, आणि नंतर एका मित्राने त्यांच्याच प्रवाळाचे पूर्वी नेलेले कलम परत आणून दिले. दिलेले आपल्याकडे परत येते, ते असेही!

पेटी फुटते ते दुःख घरापुरते. पेटीतले बाहेर सुटते ते जगाचे होते. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलेर्पा नावाच्या हिरव्यागार शैवालाचा चौरस मीटरभर ठिपका दिसला. मत्स्यालयांत शोभेसाठी वाढविलेला, थंडीलाही न बधणारा तो वाण होता. पाच वर्षांत तो हेक्टरभर पसरला, आणि पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्या-किनाऱ्याने फैलावत गेला. २००० साली तोच वाण कॅलिफोर्नियातल्या एका खाजणात निघाला. तेथे मात्र त्वरा करून त्याचा २००६ पर्यंत निःपात करण्यात आला.

आपल्या देशाने प्रवाळांच्या बाबतीत सावध वाट धरली. २००१ साली प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आली, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसली! आपल्या समुद्रातले जिवंत प्रवाळ उचलून घरी आणणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. मालवणच्या समुद्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले, तेथे सिंधुदुर्गाच्या आसपास प्रवाळे आहेत. आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेला भर समुद्रात शंभराहून अधिक किलोमीटरांवर आंग्रे बँक नावाचा बुडालेला प्रवाळपठार आहे, त्याला कान्होजींचे नाव आहे. आरमाराच्या सरखेलाचे नाव मिरविणारी ही दौलत मराठी माणसाने पाहायला हवी ती समुद्रातच.

मग पेट्यांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. १९९८ मध्ये जगभरची प्रवाळे उन्हाने पांढरी पडली, तसे पुन्हा पुन्हा घडले, आणि २०२३ पासून चौथ्यांदा जगभर ते संकट आले. अशा वेळी हौशी लोकांनी कळशीकळशीने साठविलेले ज्ञान उपयोगी पडू लागले आहे. प्रवाळे वर्षातून ठराविक ऋतूत, पौर्णिमेनंतरच्या ठराविक रात्री अंडी सोडतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात २०१३ साली टाकीवर दिव्यांनी सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्राच्या कला हुबेहूब दाखवून, पाण्याची उष्णता ऋतूप्रमाणे कमीअधिक करून, प्रवाळांना टाकीतच अंडी घालायला लावले. २०१९ मध्ये फ्लॉरिडातल्या मत्स्यालयाने त्याच लोकांच्या साहाय्याने, नष्ट होऊ घातलेल्या स्तंभप्रवाळाची अंडी टाकीत मिळविली. किनारा ओका करणारी हौस आता समुद्राचे देणे फेडू पाहते आहे. मुद्दल फार मोठे आहे. हप्ता अगदी लहान. पण तो सुरू झाला आहे, हे महत्त्वाचे.

दिवाळीत आपण पणत्या लावतो त्या अमावास्येला. तिकडे प्रवाळांसाठी माणूस काचेवर पौर्णिमा उगवितो. दोन्हीकडे काम करते ते लहानसे दिवेच, आणि दोन्हीकडे तेल-वातीची काळजी रोज कोणीतरी न दिसता घ्यावी लागते.